आमच्या मॅट्रनबाईंची वही रद्दीत का गेली?

मराठवाड्यातील परिचर्या शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य आणि सरकारी रुग्णालयांचे प्रमुख यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त सिस्टर ट्यूटर. कागदावर पाठ्यनिर्देशिका. नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यातच गेली, आधी वॉर्डात आणि मग वर्गात. तुमच्यातल्या काही जणींना मी बेड मेकिंगपासून शिकवलंय, तेव्हा हे पत्र परक्या बाईचं समजू नका. चारचौघांत बोलायची वेळ आली, कारण दवाखान्यांतल्या आपल्या पेशाच्या जुन्या वह्या जपा आणि पोरींना त्यांचा इतिहास शिकवा, हे एकेकाला गाठून, अर्ज देऊन सांगून झालंय. अर्जांच्या पोच माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही नाही.

आमच्या मॅट्रनबाईंचं चरित्र लिहायचं बरीच वर्षं माझ्या मनात होतं. त्या हैदराबादला शिकल्या आणि निजामाच्या काळात नोकरीला लागल्या. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपण भारतात आलो, 1956 ला मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्र झाला. बाई त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डांतून फिरत होत्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आम्हाला आपलं सेवापुस्तक उघडून दाखवलं होतं. पहिली पानं उर्दूत, मधली इंग्रजीत, शेवटची मराठीत, आणि एका बाईच्या नोकरीवर चार राजवटींचे शिक्के. ते पान मी आजही डोळे मिटून पाहू शकते.

गेल्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात गेले. सेवापुस्तक, विद्यार्थिनींचं जुनं प्रवेश रजिस्टर, कॅपिंगचे (विद्यार्थिनींना नर्सची टोपी देण्याच्या समारंभाचे) फोटो, वॉर्डांची रिपोर्ट बुकं, एवढं पाहायला मिळावं असा अर्ज हातात होता. अभिलेख कक्षात प्रिंटरचे रिकामे खोके रचलेले. तिथला तरुण लिपिक म्हणाला, "मॅडम, ते तर मागंच गेलं की. डेड स्टॉकबरोबर निर्लेखन झालं. ठेवायला जागाच नव्हती." निर्लेखन म्हणजे निरुपयोगी ठरवून यादीतून काढणं. त्या पोराला मी दोष देत नाही. त्यानेच बाहेर येऊन रद्दीवाल्याचं दुकान दाखवलं.

रद्दीवाला म्हणाला, माल केव्हाच लगद्याला गेला. तरी त्याने गोदाम उघडलं. कोपऱ्यात तेलाच्या डब्याखाली टेकण म्हणून एक जाड वही होती. त्याने ती काट्यावर टाकली, सव्वा किलो भरली. मी पैसे दिले आणि ती पदरात गुंडाळून घरी आणली.

ती वही म्हणजे मेडिकल वॉर्डाचं नाइट रिपोर्ट बुक. पाठ लाल कापडाची, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. ऑगस्ट 1972 पासूनच्या नोंदी. रात्रपाळीच्या सिस्टर लिहायच्या आणि सकाळी सात वाजता मॅट्रनबाई वाचून खाली शेरा मारायच्या. त्यांचं डावीकडे झुकलेलं निळं अक्षर मी लगेच ओळखलं. बहात्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं आता थोडी राहिलीत. खडी फोडायला, नाला बंडिंगला गावंच्या गावं कामावर होती, सुकडीवर आणि लाल मिलोवर (परदेशातून आलेल्या ज्वारीवर) दिवस काढत होती. वहीत मार्च 1973 ला जुलाब-उलट्यांचे पेशंट एकामागून एक दिसू लागतात. छापील रकाने आपल्या ओळखीचे: बेड नंबर, नाव, निदान, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सलाईन. एका पानावर मात्र बाईंनी पट्टीने समासात एक रेघ ओढलीय आणि नव्या रकान्याला नाव दिलंय, "पाणी कुठले".

तिथून पुढची अकरा पानं मी एका बैठकीत वाचली. पहिल्या रात्री रकाना अर्धा रिकामा आहे, सिस्टरांना विचारायची सवय नसावी. बाईंचा शेरा, "विचारून लिहा, अंदाजे नको." दुसऱ्या दिवसापासून रकाना भरायला लागतो, आणि एकाच कामावरच्या एकाच विहिरीचं नाव पुन्हापुन्हा येऊ लागतं. अकराव्या पानाखाली बाईंनी लिहिलंय, "या विहिरीचे 19. डॉक्टरसाहेबांना सांगितले. टीसीएल टाकायला आज माणूस गेला." टीसीएल म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. आणखी दोन पानं उलटली की त्या विहिरीचं नाव येणं थांबतं.

याला तुम्ही-आम्ही वर्गात साथरोगशास्त्र म्हणतो आणि फळ्यावर परदेशातलं उदाहरण काढून शिकवतो. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पेशातल्या बाईने पट्टी आणि दौत घेऊन ते करून दाखवलं होतं. तिची वही तेलाच्या डब्याखाली होती. बाकीच्या वह्यांमध्ये काय होतं, ते आता कुणालाच कळायचं नाही. हे मी गप्प बसून सोसू शकत नाही, म्हणून हे पत्र.

आता दुसरी गोष्ट. गेल्या 12 मेला, परिचारिका दिनाला, एका महाविद्यालयाने मला निबंध स्पर्धेचं परीक्षण करायला बोलावलं. विषय चांगला होता: परिचर्येतील थोर नेतृत्व. निबंधांचा गठ्ठा घरी आणला आणि तीन-चार वाचल्यावर पहिल्या पानावर परत जावं लागलं, कारण मी तोच निबंध पुन्हा वाचतेय असं वाटलं. जवळजवळ सगळे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावर, परिच्छेद तेच, चुकाही त्याच. पोरींना मी बोल लावणार नाही. त्यांना मोबाईलवर दोन पानांची पीडीएफ पाठवून "यातून लिहा" असं सांगितलं होतं.

चुका मोठ्या आहेत. नाइटिंगेल शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिली, असं प्रत्येकीने लिहिलंय. ती 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने तयार केली. त्यांनी फक्त शपथेला नाइटिंगेलबाईंचं नाव दिलं. आपण दर वर्षी हात पुढे करून ती म्हणतो, पण ती कुणी लिहिली हे सांगत नाही. आणि तो दिवा. आपल्या बॅजवर, प्रमाणपत्रावर, रांगोळीत जो चोचीचा दिवा असतो तो त्यांच्या हातात कधी नव्हता. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात त्या रात्री घेऊन फिरायच्या तो घडीचा तुर्की कंदील होता, फानूस. आपल्या जुन्या माणसांना फाणस हा शब्द ठाऊक आहे. मराठवाड्यातल्या पोरीला हे सांगितलं असतं तर तो कंदील तिला आपल्या आजीच्या घरातला वाटला असता.

यापेक्षा जास्त लागतं ते वेगळंच. नाइटिंगेलबाईंच्या आयुष्यातलं सर्वांत शिकण्यासारखं जे आहे, ते एकाही निबंधात नव्हतं. नोव्हेंबर 1854 मध्ये त्या 38 जणींना घेऊन स्कुटारीला पोचल्या. त्या हिवाळ्यात तिथले मृत्यू थांबले नाहीत, फेब्रुवारी 1855 ला ते शेकड्याला 42 च्या पुढे गेले. इस्पितळाखालची गटारं तुंबलेली होती. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा आकडे कोसळले. हा अर्थ त्यांना युद्ध संपून घरी आल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे मांडताना नीट लागला. आपण इतकं राबूनही माणसं का मेली, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि लपवलं नाही. 1858 साली त्यांनी रंगीत पाकळ्यांची ती आकृती काढली, त्यात जखमांनी मेलेले आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले शेजारी-शेजारी दिसतात. दिवा हातात धरणारी बाई सगळ्यांना माहीत, पण कागदावर रकाने आखणारी बाई आपण पोरींना दाखवतच नाही. आमच्या मॅट्रनबाईंनी हे सगळं वाचलं होतं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. कॅपिंगच्या तालमीत मी मेणबत्तीकडे टक लावून उभी होते तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, दिव्याकडं काय बघायलीस? वॉर्डात गेल्यावर आधी मोज. किती आले, किती गेले, काय खाल्लं-प्यायलं."

नाइटिंगेलबाई भारतात एकदाही आल्या नाहीत, तरी आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी इथल्या आरोग्यावर घालवली. इथल्या ब्रिटिश फौजेत वर्षाला हजारी 69 सैनिक मरत होते. त्याचा हिशेब मांडणाऱ्या 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालामागे त्यांचीच मेहनत होती. पुढे त्यांचं लक्ष फौजेवरून खेड्यांकडे वळलं. पाणी, उकिरडे, दुष्काळ, पाटबंधारे यांवर त्या लिहीत राहिल्या, आणि आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता. नाइटिंगेल आणि महाराष्ट्र एवढ्या एका धाग्यावर एखादी हुशार मुलगी वर्षभर काम करू शकेल. तिला तो धागा हातात द्यायला कुणी तयार आहे का?

दुसऱ्या कुणाचं नाव निबंधांत शोधत राहिले. क्रिमियाच्याच युद्धात जमैकातून स्वखर्चाने आलेल्या आणि सरकारने नाकारूनही बालाक्लाव्हाजवळ सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सीकोल नव्हत्या. नर्सच्या नोंदणीचा कायदा व्हावा म्हणून तीसेक वर्षं झगडणाऱ्या एथेल बेडफर्ड फेन्विक नव्हत्या. आज तुमच्या-माझ्या नावापुढे नोंदणी क्रमांक लागतो, त्याची लढाई त्यांनी इंग्लंडमध्ये 1919 साली जिंकली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या परिचर्या सल्लागार राहिलेल्या टी. के. अद्रनवाला नव्हत्या. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 साली लिहून ठेवलं, की या देशात 43 हजार माणसांमागे एक नर्स आहे. त्या अवस्थेतून शाळा, महाविद्यालयं, पदं उभी करणाऱ्या पिढीतल्या या बाई. त्यांच्याबद्दल आपली पोरगी चार वाक्यंही लिहू शकत नाही.

आणि काशीबाई. 1891 साली मुंबईत नर्सिंगच्या शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात असतं. एक ओळ. मी स्वतः ती ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली, एक गुणाचा प्रश्न म्हणून विचारली आणि पुढच्या धड्याला गेले. आता लाज वाटते. नाव मराठी, काळ प्लेगच्या आधीचा. घराबाहेर पडून परक्या माणसाचं अंग पुसायचं म्हणजे त्या काळी काय असेल! बायकांना शिकवणाऱ्या सेवासदन संस्थेचं उदाहरण आहेच की आपल्यापुढे. 1909 साली पुण्यात काम सुरू झाल्यावर रमाबाई रानडे यांनी बायकांना, त्यांत विधवांनाही, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यासाठी त्यांना घरोघरी समजूत घालावी लागली. रमाबाईंना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, परिचर्येच्या इतिहासात त्यांना जागा देत नाही.

इथे तुमच्यातले काही म्हणतील, की बाई, इतिहासाला वेळ कुठे आहे, पदं रिकामी, एकेका सिस्टरकडे पन्नास-साठ पेशंट. ते मला मान्य आहे, मीही तशाच ड्युट्या केल्यात. पण रजिस्टर जपायला सिस्टरचा वेळ लागत नाही. कपाट लागतं आणि "हे विकायचं नाही" असं सांगणारा एक अधिकारी लागतो.

माझी तिसरी तक्रार किल्लारीच्या भूकंपाची आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज होते. उजाडल्यापासून ट्रक, टेम्पो, एसटी, जे मिळेल त्यातून माणसं यायला लागली. दगड-मातीच्या भिंती अंगावर कोसळलेल्या, तोंडात, नाकात, केसांत पांढरी माती. चिकटपट्टीवर नाव आणि गाव लिहून आम्ही मनगटाला बांधत होतो. ज्यांना नाव सांगता येत नव्हतं त्यांच्या पट्टीवर "लुगडं हिरवं, वय अंदाजे 30" असं लिहिलं. दुपारनंतर नातेवाइकांची रांग लागली, प्रत्येक जण एकच नाव घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होता. तेव्हा एका स्टाफ सिस्टरने डाएट रजिस्टरची कोरी पानं उलटी करून गाववार यादी करायला घेतली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, असं एकेका गावाचं पान. कुणी दुसऱ्या दवाखान्यात हलवला तर पुढे बाण काढून त्या दवाखान्याचं नाव. ती यादी चार दिवस चालली आणि तिच्यावरून कितीतरी घरांची माणसं एकमेकांना सापडली. सुमारे आठ हजार माणसं त्या भूकंपात गेली. त्यावर समित्या झाल्या, पुनर्वसन झालं, खूप लिहिलंही गेलं. ते डाएट रजिस्टर कुठे आहे? मी दोनदा विचारलं. पाच वर्षांपूर्वीचं काही ठेवत नाही, असं सांगण्यात आलं. ती सिस्टर आता हयात नाही. तिने मागे ठेवलेला एकमेव पुरावा ती पानं होती.

चौथी गोष्ट थोडक्यात, पण ती तुमच्या थेट अखत्यारीतली आहे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. विषय वर्षानुवर्षं ठरलेले: अमुक गावातल्या मातांचं अमुकविषयी ज्ञान, तमुकवर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा परिणाम. प्रश्नावली तीच, फक्त गाव बदलतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने आपल्या तालुक्यातल्या पहिल्या एएनएमबाईंच्या, म्हणजे गावोगाव जाऊन बाळंतपणं आणि लसीकरण करणाऱ्या सरकारी नर्सबाईंच्या, कामावर प्रकल्प करायचं ठरवलं. त्या बाई नव्वदीच्या घरात होत्या, बोलत्या होत्या. मुलीला सांगण्यात आलं, "सॅम्पल एकच? हे संशोधन होत नाही." ती परत प्रश्नावलीकडे वळली. त्या एएनएमबाई पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. मोटारीचा रस्ता नसताना नदी ओलांडून बाळंतपणं कशी केली, सुईणींना आपल्या बाजूला कसं वळवलं, देवीची लस टोचायला घरात शिरू कसं दिलं, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

माझं मागणं साधं आहे.

रुग्णालयांच्या प्रमुखांना पहिली विनंती, की आज या क्षणी जे उरलंय ते विकू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 अस्तित्वात आहे. सरकारी नोंदी जागा होत नाही म्हणून टेम्पोत भरता येत नाहीत, वर्गवारी करावी लागते, यादी आणि मंजुरी लागते. परिचर्या विभागाची प्रवेश रजिस्टरं, जुनी रिपोर्ट बुकं, ड्युटी रोस्टर, कॅपिंगचे फोटो आणि जुन्या अधिसेविकांची (मॅट्रनबाईंची) सेवापुस्तकं यांना "अ" वर्गात, म्हणजे कायम जतनात घाला. निर्लेखनाच्या समितीत एक ज्येष्ठ परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) असलीच पाहिजे. कुठली वही काय आहे ते तिला कळतं, भांडारपालाला कळत नाही.

उर्दूतली पानं वाचता येत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरवू नका. निजामाच्या काळातलं सरकारी काम उर्दूत चालायचं, त्यामुळे आपल्या पेशाची सुरुवात त्याच लिपीत आहे. परभणी, नांदेड, बीड, संभाजीनगर, कुठेही जा, उर्दू वाचणारे शिक्षक गल्लोगल्ली भेटतील आणि आनंदाने बसतील. संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे, त्याच्याशी बोला. मोबाईलने पानांचे नीट फोटो काढायला सुद्धा पोरींना दोन दुपार पुरतील.

प्राचार्यांना सांगणं हे, की चरित्रावरच्या कामाला संशोधन म्हणून मान्यता द्या. एका बाईच्या आयुष्यावर प्रकल्प करणाऱ्या मुलीला सॅम्पल विचारू नका. तिने किती कागद पाहिले, किती जणांशी बोलली, एकीने सांगितलेली तारीख दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिली का, ते विचारा. तसंच प्रत्येक बॅचने निवृत्त झालेल्या किमान दोन सिस्टरांची मुलाखत रेकॉर्ड करून संस्थेत जमा करावी. आमच्या पिढीच्या बऱ्याच जणी आता काठी घेऊन चालतात. कोविडच्या वॉर्डात राबलेल्यांचंही आत्ताच लिहून घ्या, दहा वर्षांनी नको.

आणि 12 मेची ती पीडीएफ बंद करा. त्या दिवशी नाइटिंगेलबाईंसोबत एक काशीबाई, एक रमाबाई आणि आपल्याच दवाखान्यातली एक बाई, एवढ्यांबद्दल तरी मुलींनी स्वतः शोधून बोलावं. मला बोलवा, मी प्रवासखर्च न घेता येईन.

शेवटी त्या सव्वा किलोच्या वहीबद्दल. ती सध्या माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलीय. कुरतडलेले कोपरे मी टिश्यू कागदाने झाकलेत, आतल्या पानांना हात लावलेला नाही. पेशंटांची नावं आहेत, म्हणून ती कुणालाही चाळायला देणार नाही. ती माझी नाही, सरकारची आहे, आणि मला ती परत करायची आहे. तुमच्यापैकी जी संस्था कोरडी जागा, कुलपाचं कपाट आणि नोंदवहीत क्रमांक देईल, तिच्याकडे मी ती स्वतः घेऊन येईन. मार्च 1973 च्या पानांवर खूण घालून ठेवलीय. पोच मात्र सही-शिक्क्यानिशी लागेल.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
मराठवाडा